पदार्पण दिनाची कळशी

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दर वर्षी एक सण साजरा व्हायचा, जो कुठल्याच पंचांगात नव्हता. त्याचं नाव पदार्पण दिन. नव्या शहराच्या त्या वसाहतीत पहिलं कुटुंब राहायला आलं, तो दिवस. त्या लोकांनी इथे पाय ठेवला म्हणून मांडव, पताका, लाउडस्पीकर आणि शेवटी बटाटेवडे. आमचे लोक त्याच मातीत किती पिढ्या पाय ठेवत होते, त्याचा मांडव कोणी घातला नाही. आम्हीही घातला नाही म्हणा. आपल्याच घरात आपण राहतो याचा सण कोण करतं?

मी खाडीकाठच्या आगरी गावातली. आज ते गाव वाशीच्या पोटात कुठेतरी आहे, शोधलं तर सापडतं. माझ्या लहानपणी खाडीवर पूल झाला, सरकारने भातशेती घेतली आणि जिथे आई गुडघाभर चिखलात लावणी करायची तिथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या. बाबांना तुर्भ्याच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी लागली. शेतावर उघड्या अंगाने राबणारा माणूस खाकी शर्टाची बटणं लावताना रोज वैतागायचा. आई मात्र पाणी भरायला जाताना त्या इमारतींकडे बघून अजूनही ‘आपला खालचा शेत’ असंच म्हणायची.

त्याच खालच्या शेतातल्या इमारतीत एका संध्याकाळी पहिला ट्रक आला. नवरा, बायको, दोन ट्रंका, एक लोखंडी पलंग. बायको घाटावरची, लग्नानंतर गिरगावात एका खोलीत राहिलेली. इमारतीत वीज आलेली नव्हती आणि नळ फक्त बसवलेले होते. आम्ही ओटीवरून बघत होतो. अंधार पडला तरी वरच्या खिडकीत उजेड दिसेना, तशी आई उठली.

“आपले शेतान मानूस ऱ्हावाला आयलाय. त्याला कालोखान बसवाचा काय?”

“शेत आपला ऱ्हायला नाय आता,” बाबा म्हणाले.

“असूदे. दिवा लावाला काय जातंय?”

तिने कळशी भरून घेतली, पदराखाली पेटता कंदील, माझ्या हातात तांदूळ, मीठ आणि नारळ. आमच्याकडे कोणी नव्या घरात शिरलं की शेजारणीने हे न्यायचं असतं, रिकाम्या घरात पहिलं पाणी आणि पहिलं मीठ दुसऱ्याच्या हातून यावं म्हणतात. जिना चढताना आई एकदा थांबली आणि भिंतीला हात लावून म्हणाली, इथेच आपला बांध होता. मग वर गेली आणि दार वाजवलं.

दार उघडणारी बाई रडून डोळे सुजवून बसली होती. तिने कळशीतलं पाणी भांड्यातसुद्धा घेतलं नाही, ओंजळीने प्यायली. “गोड आहे हो पाणी,” म्हणाली. खाडीकाठी गोडं पाणी म्हणजे नवलच. आमच्या गावच्या दोन विहिरी मचूळ होत्या. आईने कळशी भरली ती एकच विहीर गोडी होती, शेत आणि गाव यांच्या मधोमध.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती बाई निरांजन घेऊन आमच्या ओटीवर आली. आईवडील गेलेले, एकुलता भाऊ अमेरिकेत. “मला ओवाळायला भाऊ नाही,” ती बाबांना म्हणाली, “तुम्ही पाटावर बसाल का?” बाबा इतके लाजले की टोपी घालायची सोडून काढूनच ठेवली. त्या दिवसापासून बाबा तिचे दादा झाले, आई वहिनी झाली, मी तिला आत्या म्हणायला लागले आणि तिच्या नवऱ्याला आतोबा. ही नाती तोंडदेखली नव्हती. आत्याला दिवस गेले तेव्हा ती माहेरपणाला आमच्याकडे आली. दवाखान्यातून मुलगी घेऊन थेट आमच्याच घरी. सव्वा महिना आमच्या माजघरात तिची बाज होती. आई तिला शेक द्यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, आणि बाळ ज्या पाळण्यात झोपलं त्यात लहानपणी मीही झोपले होते.

सव्वा महिना झाल्यावर बाळंतिणीने विहीर पुजायची असते. त्याशिवाय ती पुन्हा पाण्याला हात लावत नाही. आत्याने हे लहानपणी घाटावर बघितलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. आईने तिला हिरवी साडी नेसवली आणि गोड्या विहिरीवर नेलं. आत्याने काठाला हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ आणि नारळ घेऊन विहिरीची ओटी भरली. बाईची भरतात तशीच, अगदी पदर सावरून. मग वाकून आत बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, ही तर माझ्यापेक्षा मोठी लेकुरवाळी.” आई हसली. मी त्या हसण्याची साक्षीदार आहे, म्हणून पुढचं सांगण्याचा मला हक्क आहे.

मला वाचनाची गोडी आत्याने लावली. शाळेतून आले की मी तिच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून धडे वाचायची आणि ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. आज मी जे मराठी लिहितेय ते निम्मं तिच्या पोळपाटाशेजारी शिकलेलं आहे. आईची भाषा मी घरी बोलायची, आत्याची शाळेत. दोन्हीकडे कोणी मला हसत नव्हतं. आत्यावर माझा जीव होता हे मी लपवणार नाही, कारण ते लपवलं तर माझा राग कोणाला कळायचा नाही.

एकदा इतिहासाच्या पुस्तकात तो खलाशी आला, ज्याने अमेरिका शोधली. मी घडाघडा वाचत होते. आत्याने लाटणं खाली ठेवलं.

“शोध कसला डोंबलाचा!” ती म्हणाली. “तिथे माणसं राहत होती की. चुली पेटत होत्या, पोरं खेळत होती. हा गलबतातून उतरला आणि म्हणे सापडलं! ती काय हरवली होती? आणि ऐक, माझा भाऊ लिहितो, तिथे त्या दिवशी चक्क सुट्टी देतात. मिरवणुका काढतात. उद्या आपल्या घरात कोणी शिरलं, म्हणालं मला हे घर सापडलं, आणि दर वर्षी त्या दिवसाचे पेढे वाटायला लागलं, तर?”

मी हसून लोळले. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंना मी तोच प्रश्न विचारला, त्या किनाऱ्यावरच्या माणसांचं काय? बाई म्हणाल्या, परीक्षेत ते विचारत नाहीत. मला वाटलं, माझी आत्या बाईंपेक्षा हुशार आहे. ती होतीच.

वसाहत वाढत गेली. नळाला पाणी आलं, दिवे आले, बाजार आला. एकमेकांच्या घरी चहा पिऊन साजरा होणारा पदार्पण दिन मांडवात आला, आणि आतोबा समितीचे अध्यक्ष झाले. आमच्यासाठी एक नवा शब्द निघाला, गाववाले. गाववाल्यांच्या कोंबड्या, गाववाल्यांच्या सुक्या मासळीचा वास, गाववाल्यांची मोठ्या आवाजातली लग्नं. गावात बायका म्हणायच्या, आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाला वास येतो म्हणून नाक मुरडतोय. आई त्यांना गप्प करायची. “सगली तशी नाय,” म्हणायची. सगळी म्हणजे कोण, ते तिला सांगावं लागत नव्हतं. आत्याच्या तोंडून मी तो शब्द खरंच कधी ऐकला नाही.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी विहिरीचं निघालं. वसाहतीचं बालउद्यान जिथे व्हायचं होतं, त्याच्या नेमक्या मध्यावर ती येत होती. बुजवायची असं ठरलं. वसाहतीला तिची गरज उरली नव्हती, पण आमच्या गावात नळ यायचा तो करंगळीएवढ्या धारेने आणि त्याच्या मनाला येईल तेव्हा. गावातल्या चुली त्या विहिरीवर पेटत होत्या. बाबा चार जाणत्या माणसांना घेऊन नव्या शहराच्या ऑफिसात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, नकाशात तिथे विहीर नाही. बाबा म्हणाले, पण जमिनीत आहे. साहेब हसले आणि त्यांना चहा दिला.

बाबांनी परत येऊन हे सांगितलं. आईने पदराला हात पुसले आणि तडक आत्याकडे गेली. मी बरोबर होते, म्हणून आत्याचे शब्द मला तिच्याच आवाजात आठवतात.

“वहिनी, काळजी करू नका. पदार्पण दिनाला तेच साहेब पाहुणे आहेत. या वर्षी भाषण माझं आहे. मी सगळ्यांसमोर सांगते की इथलं पहिलं पाणी मी ह्या विहिरीचं प्यायले. मी तिची ओटी भरलीय. मग बुजवायची कोणाची छाती होते ते बघू. तुम्ही तीच कळशी भरून घेऊन या. मी नाव घेतलं की वर यायचं, आणि साहेबांना आपण ते पाणीच प्यायला देऊ.”

आईने घरी येऊन पितळेची कळशी चिंचेने घासली. दोनदा घासली. गावातल्या बायकांना तिने निरोप दिला की घाबरू नका, माझी नणंद बोलणार आहे. नणंद. सख्ख्या नात्यातसुद्धा लोक इतक्या ठामपणे बोलत नाहीत.

पदार्पण दिनाला आई हिरवं लुगडं नेसली, अंबाड्यात अबोली माळली आणि विहिरीवरून थेट मांडवात गेली. बिल्ला लावलेल्या एका मुलीने आम्हाला स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला उभं केलं. “मावशी, नाव पुकारलं की या हं,” म्हणाली. आईने कळशी खाली ठेवली नाही. पूजेचं पाणी जमिनीवर टेकवत नाहीत, म्हणून ती कमरेवर घेऊन उभी राहिली.

आतोबा बोलले, साहेब बोलले. मग आत्याच्या मुलीला बोलावून नगरातली पहिली लेक म्हणून तिचा सत्कार झाला. आमच्या पाळण्यातली, आईच्या पायावर न्हायलेली पोर. आई टाळ्या वाजवायला गेली आणि कळशी हिंदकळली. तिला कौतुकच वाटत होतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण ही लेक आली ती आमच्या गावातून, हे कोणीच बोललं नव्हतं. मी स्वतःला समजावलं, आत्या बोलेल की.

आत्या माइकसमोर आली. छान दिसत होती. तिने एकदा आमच्याकडे बघितलं, हेही मी बघितलं.

“आम्ही आलो तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं,” ती म्हणाली. “नुसती दलदल आणि काळोख. दिवा नाही, प्यायला पाण्याचा थेंब नाही. ह्यांनी पुलापलीकडून डबे भरभरून पाणी आणलं.”

मी थांबले. मला वाटलं, ही भाषणाची लकब आहे. आधी अंधार रंगवायचा आणि मग म्हणायचं, पण त्या संध्याकाळी दार वाजलं. आता ‘पण’ येईल, आता येईल. आईने कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि पदर नीट केला, कारण तिलाही वाटलं की आता आपलं नाव येणार.

“अशा ओसाड जागेत आम्ही पहिला दिवा लावला,” आत्या म्हणाली, “आणि आज हे नगर उभं आहे.” मग तिने साहेबांचे आभार मानले, समितीचे मानले, मांडववाल्याचेसुद्धा मानले. बालउद्यानाला शुभेच्छा दिल्या आणि खाली बसली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं शाळेत आम्हाला शिकवलं होतं. इथे कळशी पडद्याच्या आड उभी होती आणि पाणी म्हणे पुलापलीकडून येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकवल्या, वड्यांसाठी रांग लावली. आई तशीच उभी. तिचं नाव पुकारलेलं नव्हतं, म्हणून ती हलली नव्हती.

“झाला?” तिने मला विचारलं.

“झालं, आय. चल.”

मला वाटलं, कळशी रस्त्यातच रिकामी करेल. माझ्या हातात असती तर मी ती स्टेजवरच ओतली असती, साहेबांच्या बुटांवर. आई विहिरीवर गेली, काठावर वाकली आणि ते पाणी हळू, आवाज न करता, परत विहिरीत सोडलं. गावातल्या दोघीचौघी तिथे वाट बघत बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. एकीने आईच्या हातातून कळशी घेतली आणि सगळ्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बसले नाही. ती पोळ्या लाटत होती.

“चिटपाखरू नव्हतं?” मी विचारलं.

“अगं, भाषणात तसं बोलायची पद्धत असते,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. “ह्यांनी सगळं ठरवलं होतं. साहेबांसमोर विहिरीचं काढलं असतं तर समितीची शोभा झाली असती. उद्यान आता मंजूर झालंय. आणि वहिनींना मी काय परकी आहे? त्या समजून घेतील.”

“तो खलाशी आठवतो, आत्या?”

तिला आठवला. लाटणं थांबलं, अगदी पूर्वीसारखं.

“ते पुस्तकातलं वेगळं,” ती म्हणाली.

हा माझा विश्वासघात होता. शब्द मोठा आहे, तरी मी तोच वापरणार, कारण लहान शब्दांत तो मावत नाही. साहेबांचा मला एवढा राग आला नाही. साहेबांनी आम्हाला कधी नकाशात बघितलंच नव्हतं, त्यांना काय सांगणार? आतोबांचाही नाही, ते खुर्चीसाठी जगायचे. पण आत्याला सगळं माहीत होतं. प्रश्न काय असतो हे मला तिनेच शिकवलं होतं. आणि त्या खलाशाच्या बाजूने मला आज एवढंच म्हणायचंय की निदान तो त्या किनाऱ्यावरच्या कोणाच्या माजघरात बाळंतपणाला राहिला नव्हता. गलबतातून उतरल्या उतरल्या तो खोटं बोलला. आत्या आमचं पाणी प्यायली, तिने आमचं मीठ खाल्लं, भाऊ ओवाळला, आणि सगळं झाल्यावर, पोट भरल्यावर, आम्हाला तिथून पुसून टाकलं.

पाऊस संपल्यावर विहीर बुजवली. इमारतींचं डबर आणून ओतलं. आई त्या दिवशी बाहेर पडली नाही, पण आवाज घरात येत होता, आणि प्रत्येक ट्रक रिकामा होताना ती हातातलं काम थांबवायची. त्यानंतर गावातल्या बायका वसाहतीच्या नळांवर हंडे घेऊन जायला लागल्या. रखवालदार हाकलायचा. “गाववाले आत नाही,” म्हणायचा. तोही बिचारा कुठल्या तरी गावाहूनच आलेला असणार.

मग दिवाळी आली. आईने फराळ केला, उटणं लावून सगळ्यांना न्हाऊ घातलं, काही झालंच नाही अशी वागत होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी बाबांनी सवयीने धुतलेली टोपी घातली. पाट कुठे आहे म्हणून इकडे तिकडे बघत होते. इतक्या वर्षांत ती संध्याकाळ कधी चुकली नव्हती. आईने त्यांच्याकडे बघितलं, पुढे जाऊन दार लावलं आणि कडी घातली.

थोड्या वेळाने ओटीवर पावलं वाजली. तबकातल्या वाटीचा तो ओळखीचा किणकिणाट. मग आत्याचा आवाज, तोच, गोड.

“दादा? वहिनी? अहो, आहात ना घरात?”

बाबा उठायला लागले. आईने हात वर केला, आणि ते अर्ध्यातून खाली बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला दार उघडावंसंही वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू.

“कोन नाय घरान,” आई आतून म्हणाली.

बाहेर तबक ओटीवर टेकल्याचा आवाज आला.

“वहिनी,” आत्या म्हणाली. आता तो आवाज गोड नव्हता, नुसताच तिचा होता. “असं काय करता? मला तुमचा आवाज येतोय.”

आई दाराच्या अगदी जवळ गेली. कडीला हात लावला नाही.

“चिटपाखरू नव्हता तवा पन येत व्हता, बाय,” ती म्हणाली.